‘पहिला’ लिहिण्याआधी

श्रोतेहो, मी इथे माइकसमोर बोलतो आहे आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी कानांवर हेडफोन चढवला आहे. माझा शब्द तुमच्या घरी पोहोचण्याआधी त्यांच्या कानात पोहोचतो. आज बोलायचं आहे ते या कानांवरच्या वस्तूविषयी, आणि तिचा इतिहास लिहून ठेवण्याच्या एका अजब छंदाविषयी.

जुने हेडफोन जमवायचे, उघडायचे, पुसायचे आणि पुन्हा बोलते करायचे, हा माझा सुट्टीचा उद्योग. असे हौशी लोक जगभर आहेत. त्यांतले काही जण विकिपीडियासारख्या इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात या वस्तूंची नोंद करतात. हा ज्ञानकोश जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये त्याची मराठी आवृत्ती आली. तिथे कुणीही लिहू शकतं. मानधन नाही आणि लेखाखाली लेखकाचं नावही छापलं जात नाही.

मलाही हुरूप आला. मी एक टिपण लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये हेडफोनचा शोध लावला.’ गोष्ट मोठी गोड आहे. अमेरिकेतल्या यूटा प्रांतात राहणाऱ्या या गृहस्थाने आपले हेडफोन नौदलाकडे धाडले. नौदलाने तपासले, ते पसंत पडले आणि मागणी आली. बाल्डविन मात्र घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवत होते, त्यामुळे एका वेळी थोडेच नग तयार होत. स्वयंपाकघरातून थेट युद्धनौकेवर! अशी गोष्ट कुणाला आवडणार नाही?

माझ्यासारख्याच छंदातल्या एका मित्राने टिपण वाचलं आणि एवढंच विचारलं, “मग मर्कादिएचं काय करणार?”

मी निरुत्तर झालो. अर्नेस्ट मर्कादिए हे फ्रेंच अभियंते. त्यांना १८९१ मध्ये दोन्ही कानांत घालायच्या दूरध्वनी-श्रवणयंत्राचं पेटंट मिळालं होतं. वजन पन्नास ग्रॅमच्या आत आणि कानाला टोचू नये म्हणून रबराचं आवरण! आज आपण खिशातून काढून कानात घालतो त्याचाच हा पणजोबा. त्याच्याही मागे गेलं तर १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावरचं गाणं तारेतून आणून लोकांना ऐकवलं होतं. तिथे श्रोते एकेक श्रवणनळी एकेका कानाला धरत. लंडनमध्ये १८९५ च्या सुमारास वर्गणी भरून घरबसल्या नाटकं ऐकण्याची सोयही झाली. तेव्हा ऐकण्याचं यंत्र डोक्यावर चढवत नसत, दांडीला धरून कानांशी नेत.

आता यातला ‘पहिला’ कोण?

तेव्हा मला कळलं की घोटाळा बाल्डविनमध्ये नव्हता, माझ्या ‘शोध लावला’ या दोन शब्दांत होता. या इतिहासात प्रत्येक जण पहिला आहे, फक्त कशात पहिला ते सांगावं लागतं. १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला. ध्वनिवर्धकात असते तशी हलती तारेची गुंडाळी त्यात बसवलेली होती. अशा रचनेच्या हेडफोनांत तो अग्रणी. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी सुवाह्य रेकॉर्ड प्लेअर प्रदर्शनात मांडला आणि त्याच्या जोडीला स्टिरिओ हेडफोन ठेवला. लोक प्लेअर विसरले आणि हेडफोनच्या प्रेमात पडले! १९६८ मध्ये सेनहायझरने एचडी ४१४ आणला. त्याच्या वाट्या मागून उघड्या होत्या आणि कानाशी पिवळा स्पंज होता. १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर सुमारे पन्नास ग्रॅमचा हेडफोन आला आणि गाणं रस्त्यावर चालू लागलं. म्हणजे वजनाच्या बाबतीत आपण फिरून मर्कादिएपाशीच आलो.

ज्ञानकोशाचा एक नियम हौशी माणसाला सुरुवातीला फार जाचतो. तुम्हाला ठाऊक आहे, एवढ्यावर तिथे भागत नाही. दुसऱ्याला पडताळून पाहता येईल असा प्रसिद्ध झालेला, भरवशाचा आधार दाखवावा लागतो. मी एखादा हेडफोन दहा वेळा उघडला असेल, त्यातली तारेची गुंडाळी मला डोळे मिटून ओळखता येत असेल, तरी ‘माझा अनुभव’ हा आधार होत नाही. ‘आवाज मधाळ आहे’ हे तर मुळीच चालत नाही. मग पेटंटची कागदपत्रं शोधा, जुन्या मासिकांतल्या जाहिराती पाहा, तारखेचं माहितीपत्रक मिळवा. एका वर्षाच्या आकड्यासाठी कित्येक संध्याकाळी जातात.

पण हा जाच योग्यच आहे, असं आता मला वाटतं. कारण ज्ञानकोशातलं चुकीचं वाक्य तिथेच थांबत नाही. ते वाचून कुणी लेख लिहितो, आणि पुढे तोच लेख त्या वाक्याचा आधार म्हणून दाखवला जातो. चूक स्वतःलाच साक्षीदार म्हणून उभी करते! माझं ते गोड वाक्य असंच गावभर फिरलं असतं.

दुसरी गोष्ट घाईची आहे. हेडफोनमधला स्पंज काही वर्षांत भुगा होतो, रबर चिकट होतं, तार तुटते. वस्तू टिकली तरी तिचा कागद टिकत नाही. पावती रद्दीत जाते, माहितीपत्रक डब्याच्या तळाशी अंथरलं जातं. आणि कागद गेला की उरतात त्या नुसत्या आठवणी. त्या खऱ्या असल्या तरी सिद्ध करता येत नाहीत.

आपल्याकडेही हेच आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. त्या काळातल्या क्रिस्टल सेटला ना वीज लागे, ना बॅटरी. आवाज इतका क्षीण असे की कानाला श्रवणयंत्र लावल्याखेरीज काही ऐकूच येत नसे. म्हणजे नभोवाणीच्या त्या काळातल्या कितीतरी श्रोत्यांनी ती ऐकली ती कानाला यंत्र लावूनच. त्यांतलं एखादं यंत्र कुणाच्या माळ्यावर अजून पडलं असेल.

ते मिळालं तर टाकू नका. चारी बाजूंनी फोटो काढा, त्यावर कोरलेले आकडे आणि अक्षरं स्वच्छ दिसतील असे. तुम्ही स्वतः काढलेला फोटो ज्ञानकोशाला मोकळेपणाने देता येतो. सोबत पावती किंवा पत्रक असेल तर जपून ठेवा. आणि ‘आजोबांनी गावात पहिला आणला’ असं लिहायचा मोह झाला, तर क्षणभर थांबा. ‘आजोबांनी आणला’ एवढं आधी लिहा. ‘पहिला’ हा शब्द पुरावा मिळाल्यावर घालता येईल.

माझ्या टिपणातलं वाक्य मी बदललं. आता ते असं आहे : ‘बाल्डविन यांनी १९१० मध्ये बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने स्वीकारले.’ पूर्वीइतकं ते चमकदार नाही. पण त्याला आधार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)