ब्राउझर निवडताना कामगाराने काय पाहावे?

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पेन्शन, रिक्त जागा, कामाचे तास असे प्रश्न समोर असताना ब्राउझरवर अभ्यासवर्ग कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. आपले पगारपत्रक, पास, रजेचा अर्ज, बचत खात्याची शिल्लक, सगळे आज याच खिडकीतून मिळते. पूर्वी खिडकीपलीकडे आपलाच माणूस बसलेला असे. आता खिडकीच दुसऱ्याची आहे. ती कोणाची, कशी चालते आणि तिच्यातून आपल्यावर कोण नजर ठेवतो, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गूगल हे शोधण्याचे साधन आहे, क्रोम हा ब्राउझर आहे. संकेतस्थळ उघडून दाखवणारा प्रोग्राम तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ऑपेरा, ब्रेव्ह ही त्यांतली काही नावे. फोनवर जो आधीपासून बसवलेला असतो तोच बहुतेक जण वापरतात. म्हणजे निवड आपण करत नाही, विकणारा करतो.

टपालातील साथींना एक गोष्ट ठाऊक आहे. १८७४ साली बर्न येथे देशोदेशींच्या टपाल खात्यांचा करार झाला आणि १८७६ मध्ये भारत त्यात आला. त्या करारामुळे एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशातला पोस्टमन घरपोच करतो. वेबची उभारणीही अशाच तत्त्वावर झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांसाठी मोफत खुली केली. नियम सर्वांना समान, म्हणून कोणतेही पान कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडावे, हा त्यामागचा हेतू.

पण मक्तेदारी आली की समान नियम मागे पडतात. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजबरोबरच देऊ केला. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने कंपनीवर खटला भरला आणि २००० मध्ये न्यायालयाने कायदेभंगाचा ठपका ठेवला. कंपनीचे तुकडे करण्याचा आदेश २००१ मध्ये अपिलात रद्द झाला, पण बेकायदा मक्तेदारीचा मुख्य ठपका कायम राहिला. तोवर प्रतिस्पर्धी नेटस्केप खिळखिळा झाला होता आणि दहातले नऊ लोक एक्सप्लोररच वापरू लागले होते. मग काय झाले? २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला २००६ उजाडले. स्पर्धा संपली, सुधारणा थांबली.

नुकसान कोणाचे झाले? अनेक कार्यालयांनी आपली संकेतस्थळे फक्त एक्सप्लोररवर चालतील अशीच बनवून घेतली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला आणि जुन्या प्रणाली चालवण्यासाठी एजमध्ये वेगळी सोय करावी लागली. रेल्वेतल्या जुन्या साथींना मनमाड आठवेल. मोठ्या लाईनचा माल उतरवून मीटर लाईनच्या वाघिणींत भरावा लागे, कारण रूळ जुळत नव्हते. त्यात हमालाची पाठ मोडे आणि वेळ जाई. कार्यालयाने एकाच कंपनीच्या ब्राउझरला स्वतःला बांधून घेणे म्हणजे स्वतःहून असा गेज-बदल ओढवून घेणे होय.

आज मक्ता दुसऱ्याकडे गेला आहे. २००८ मध्ये आलेला क्रोम जगातला सुमारे दोन-तृतीयांश वापर व्यापून आहे. एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे निराळी असली तरी आतले इंजिन गूगलच्याच क्रोमियमचे. इंजिनाच्या दृष्टीने मोठे पर्याय तीनच: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको, म्हणजे फायरफॉक्स. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉईड फोनसंबंधीच्या गैरव्यवहारांबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. क्रोमसह आपली ॲप फोनवर आधीच बसवायला लावणे, हाही त्या तक्रारीचा भाग होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने शोधाच्या धंद्यात गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपले शोधयंत्र आधीपासून निवडलेले असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात इतरांना २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, हे त्या खटल्यात उघड झाले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम विकण्याची सक्ती झाली नाही, पण एकट्यापुरते करार करण्यास बंदी आली. साथींनो, आधीच लावून ठेवलेल्या निवडीची ही किंमत आहे. आपण बदल करत नाही, यावर कोणीतरी अब्जावधी लावतो.

आता रोजच्या वापरात काय पाहावे?

एक, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात का? जुन्या संगणकावर हा पहिला प्रश्न. विंडोज ७ ला क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला सोडले. दुरुस्ती न मिळणाऱ्या ब्राउझरमधून बँकेचे काम करू नये.

दोन, पाळत किती? एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपला माग काढणाऱ्या कुकीज सफारी २०२० पासून अडवते. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक स्थळाच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवतो. गूगलने २०२० मध्ये त्या बंद करण्याचे जाहीर केले आणि पुढे तो बेत सोडून दिला. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीचे हित आणि आपले हित एक नसते.

तीन, जाहिराती अडवता येतात का? त्याने डेटा वाचतो आणि फसव्या जाहिराती टळतात. अँड्रॉईडवर फायरफॉक्समध्ये जाहिरात अडवणारी जोडणी बसते, ब्रेव्हमध्ये ती सोय आतच असते, क्रोममध्ये फोनवर अशी जोडणी बसत नाही.

चार, खासगी खिडकीवर किती विसंबायचे? ती फक्त त्या यंत्रावरचा इतिहास पुसते. कार्यालयाच्या नेटवर्कला किंवा संकेतस्थळाला आपण दिसतोच. याच कारणावरून गूगलवर झालेल्या दाव्यात २०२४ मध्ये कंपनीने जमवलेली माहिती नष्ट करण्याचे मान्य केले. मात्र सामायिक संगणकावर ही खिडकी जरूर वापरा आणि तिथे पासवर्ड कधीही जतन करू नका.

पाच, कुलपाच्या चिन्हाला भुलू नका. कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच. समोरचा प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

मग आमची शिफारस काय? दोन ब्राउझर ठेवा. बँक, पेन्शन आणि रोजच्या वाचनासाठी फायरफॉक्स. तो मराठीतही मिळतो आणि त्याच्यामागे नफ्यासाठी नसलेली संस्था आहे. तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडूनच येतो, हेही लपवण्याचे कारण नाही. पण वेगळे इंजिन टिकणे सर्वांच्या फायद्याचे आहे. कार्यालयाचे एखादे स्थळ त्यात चालत नसेल तर तेवढ्यापुरता क्रोम किंवा एज.

शेवटी, सगळा भार एकेकट्यावर टाकून भागणार नाही. शाखांनी प्रशासनाकडे तीन मागण्या लेखी कराव्यात. कर्मचाऱ्यांची प्रत्येक प्रणाली कोणत्याही चालू ब्राउझरमध्ये उघडली पाहिजे. कामाच्या संगणकांवर सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर बसल्या पाहिजेत. आणि प्रणाली बंद पडून काम खोळंबले तर त्याचा ठपका खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर येता कामा नये.

आज घरी गेल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये आपला ब्राउझर कोणता लावलेला आहे, एवढे तरी पाहा. तो ठेवायचा की बदलायचा, हे मात्र तुम्ही स्वतः ठरवा.