प्रवासातलं इन्सुलिन : पेन कुठे ठेवायचं?

आज विषय छोटा आहे, पण घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर शेवटपर्यंत ऐका. प्रवासाला निघताना आपण तिकीट, आधार कार्ड, चार्जर तीन-तीनदा तपासतो. इन्सुलिनचं पेन मात्र पर्समध्ये टाकलं की झालं, असं आपल्याला वाटतं. आम्हालाही तसंच वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आईला घेऊन आम्ही काशीला गेलो होतो. ती रात्री झोपताना दिवसभर पुरणारं इन्सुलिन घेते, १८ युनिट. उतरलो त्या ठिकाणी मीच काळजीने विचारलं, "फ्रीज आहे का? औषध ठेवायचंय." तिथल्या मुलाने हसून पेन नेलं आणि चांगलं थंड राहावं म्हणून थेट फ्रीझरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलं, पाणी झालं, दिसायला अगदी पूर्वीसारखं स्वच्छ. रात्री आईने तेच घेतलं.

पुढच्या दोन दिवसांत साखर ३०० च्या वर गेली. आम्हाला वाटलं, पेढे आणि कचोरी भोवली. फोनवर सल्ला घेऊन डोस वाढवत २६ वर नेला. साखर उतरेना. मग नवीन पेन विकत घेतलं आणि त्यातूनही २६ युनिटच दिले. पहाटे चारला आई घामाने भिजलेली, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. साखर ४८. शुद्धीवर होती म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं आणि ती सावरली.

नंतर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "जुनं पेन कुठे ठेवलं होतं?"

दूध नासलं तर वास येतो, इन्सुलिन बिघडलं तर कळत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते गोठलं किंवा फार तापलं की त्याची रचना मोडते आणि ताकद जाते. कधी त्यात कण किंवा गुठळ्या दिसतात, कधी काहीच दिसत नाही. म्हणून एकदा गोठलेलं इन्सुलिन, परत पातळ झालं तरी, टाकून द्यायचं.

आता नियम. न उघडलेली पेनं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात नाही, त्याच्या खालच्या ट्रेमध्येही नाही, आणि मागच्या गार भिंतीला टेकवूनही नाही. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवा.

चालू असलेल्या पेनला मात्र फ्रीज लागत नाही. बहुतेक पेनं उघडल्यावर ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चांगली राहतात. काहींची मुदत ४२ दिवस असते, काहींची ५६. काही प्रकारांना २५ अंशांचीच मर्यादा असते. तुमच्या पेनचं खोक्यातल्या माहितीपत्रकात बघा आणि उघडल्याची तारीख पट्टी चिकटवून पेनावर लिहा. म्हणजे बघा, काशीच्या त्या थंडीत आईचं पेन उशाशी टेबलावर राहिलं असतं तरी चाललं असतं. त्या मुलाचा दोष नव्हता. "बर्फात ठेवू नकोस" एवढं एक वाक्य आम्ही त्याला सांगितलं नव्हतं.

पण आपल्या देशात मे महिनाही असतो. नागपूर, जयपूर, हैदराबादला घरातच ३५-४० अंश होतात. तिथे चालू पेनही जपावं लागतं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवायची असेल, तर पेन आधी जाड कापडात गुंडाळा. बर्फ पेनाला टेकता कामा नये. पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या मिळतात, त्या माठासारख्या काम करतात. म्हणून त्यांना वारा लागला पाहिजे, बंद सुटकेसमध्ये उपयोग नाही. कोरड्या हवेत त्या छान चालतात. मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या दमट हवेत कमी. वीज नसेल तर मातीचा माठ घ्या. मोठ्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं भांडं, त्यात कोरड्या डब्यात पेन आणि वर ओलं फडकं.

उन्हात उभ्या गाडीत पेन पाच मिनिटांसाठीसुद्धा विसरू नका. रेल्वेत खिडकीच्या उन्हात नको. विमानात ते नेहमी हातातल्या बॅगेत. खालच्या सामानात गोठण्याची भीती, आणि बॅग हरवली तर औषधही गेलं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, त्यावर इन्सुलिन आणि सुया दोन्हींचा उल्लेख असू द्या. लेह, केदारनाथला जाणार असाल तर उलटी काळजी घ्या. पेन स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

सुई लावलेलं पेन बॅगेत टाकू नका. त्यातून औषध गळतं आणि हवा आत जाते. दर वेळी नवी सुई लावा, आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाका. सफाई करणाऱ्या माणसाचा हात आठवा.

आणखी एक धोका. प्रवासात पेन अडलं म्हणून कुणी त्यातलं औषध सिरिंजने ओढतं. कधीच करू नका. पेनमध्ये सहसा एका मिलिलीटरला १०० युनिट असतात. आपल्याकडे लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते. तिने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. त्यापेक्षा जास्तीचं एक पेन आणि सुया दुसऱ्या बॅगेत ठेवा.

शेवटी, जे आमच्याकडून चुकलं ते. प्रवासात साखर अचानक चढली आणि उतरेना, तर डोस वाढवण्याआधी विचारा : पेन कुठे होतं? शंका आली की पेन बदला. आणि नवीन पेन घेतलं की वाढवलेला डोस तसाच पुढे चालवू नका, डॉक्टरांना विचारून मूळ डोसवर या. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. घाम, थरथर वाटली तर तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आई आता परत प्रवास करते. पेन तिच्याच पर्समध्ये असतं, आणि कुणी फ्रीज दाखवला तर ती आधी विचारते, "बर्फाचा कप्पा कुठला रे बाळा?" तुम्हीही विचारत जा.