चीनच्या डॉक्टरबाई, अमेरिकेतलं स्वयंपाकघर

हातातलं काम चालू ठेवा, निवडणं, टिपणं, शिवणं, जे असेल ते. आजची गोष्ट स्वयंपाकघरातलीच आहे. फक्त ते स्वयंपाकघर अमेरिकेत आहे आणि त्यात उभी असलेली बाई चीनची.

पण आधी माझी एक चूक सांगते. आमच्या एका गटात तेलंगणातून लग्न होऊन आलेली सून आहे. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना अडखळते. ती गटात आली त्या पहिल्या बैठकीत मी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि रजिस्टरवर तिचा अंगठा घेतला. तिनेही मुकाट्याने दिला. पुढे दोन वर्षं दर महिन्याला अंगठा. मागच्या दिवाळीनंतर सहज तिच्या घरी गेले, तर ती पोराच्या वहीच्या मागच्या पानावर घरखर्च मांडत बसलेली. सगळं तेलुगूत, वळणदार अक्षर, बेरीज अचूक. दहावी पास आहे म्हणाली. मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलंच कुठे?"

त्या रात्री मला झोप लागेना. आणि मग मला बुवेईबाई आठवल्या. त्यांच्याबद्दल मी बी.ए.ला असताना वाचलं होतं आणि तेव्हा नुसतं गंमत म्हणून वाचलं होतं.

त्यांचं पूर्ण नाव बुवेई यांग चाओ. जन्म १८८९ चा, चीनमधल्या नानजिंग शहरातला. घर मोठं, खानदानी. पोटात असतानाच त्यांचं लग्न आत्तेमामे भावंडांत ठरवून टाकलेलं. आपल्याकडेही पाळण्यात लग्नं ठरायचीच की. पण ही मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. आजोबांनी तिची बाजू घेतली आणि लग्न मोडलं. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! मग ती शिकली आणि डॉक्टर व्हायला जपानला, टोकियोला गेली.

तिथे एक अडचण आली. जपानी जेवण काही घशाखाली उतरेना. घरी कधी चुलीपाशी न गेलेली ही मुलगी मग स्वतःचं स्वतः रांधायला लागली. म्हणजे डॉक्टरकी आणि स्वयंपाक, दोन्ही एकदमच शिकली, आणि दोन्ही परदेशात. १९१९ मध्ये परत येऊन त्यांनी मैत्रिणीबरोबर बीजिंगमध्ये स्वतःचा दवाखाना काढला.

लग्न केलं ते १९२१ मध्ये, स्वतःच्या पसंतीने. नवरा युएन रेन चाओ, अमेरिकेत शिकलेला, भाषांचा मोठा अभ्यासक, बायकोपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यांचंही घरच्यांनी ठरवलेलं एक लग्न मोडलेलं होतं. लग्न कसं केलं ऐका. दोन मित्रांना जेवायला बोलावलं. बुवेईबाईंनी स्वतः घरगुती स्वयंपाक केला. जेवणं झाल्यावर हाताने लिहिलेला एक कागद पुढे ठेवला, आम्ही आजपासून नवरा-बायको, तुम्ही साक्षीदार म्हणून सह्या करा. कागद कायद्याने पक्का व्हावा म्हणून त्याला तिकीट लावलं. आपण कर्जाच्या कागदाला रेव्हेन्यू तिकीट लावतो तसंच! ना मांडव, ना मानपान, ना आहेर. लग्नापायी काढलेलं कर्ज फेडणाऱ्या किती जणी आपल्या गटांत आहेत ते मला माहीत आहे, म्हणून हे जरा सावकाश सांगितलं.

लग्नानंतर काही महिन्यांतच दोघं अमेरिकेला गेली. नवऱ्याला हार्वर्ड विद्यापीठात शिकवायचं काम मिळालं होतं. बाईंचा दवाखाना मागे राहिला. पहिल्या दोन मुली तिथेच झाल्या. पुढे ती परत चीनला आली, तिथे आणखी दोन मुली झाल्या. म्हणजे चार मुली. या काळात बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. बीजिंगमध्ये त्यांनी पाळणा लांबवण्याचा सल्ला देणारा दवाखाना चालवला, शंभर वर्षांपूर्वी. मैत्रिणींना घेऊन एक छोटी खाणावळही काढली. गर्दी भरपूर व्हायची, पण बाईंना पाहुण्यांना आग्रह करून वाढायची हौस, त्यामुळे धंदा तोट्यात गेला. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या गटाचं भाजणीचं काम पहिल्या वर्षी असंच बुडालं होतं ना? चव चांगली होती, हिशेब कच्चा होता.

मग १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. ज्या देशात बाई डॉक्टर झाल्या, त्याच देशाच्या फौजा त्यांच्या माहेरच्या गावावर चालून आल्या. नानजिंगचं घर, पुस्तकं, सगळं टाकून हे कुटुंब आधी चीनमध्येच गावोगाव फिरलं आणि १९३८ मध्ये समुद्रापलीकडे गेलं. या वेळी बाई पन्नाशीला टेकलेल्या होत्या, पदरात चार मुली. काही दिवसांसाठी म्हणून गेल्या, त्या कायमच्या अमेरिकेच्या झाल्या.

तेव्हा अमेरिकेत चिनी माणसाची काय पत होती, तेही सांगायला हवं. १८८२ पासून तिथे कायदाच होता की चिनी मजुरांनी आमच्या देशात यायचं नाही. शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी अशा थोड्यांना मुभा होती. मजुरांना बायका आणता येत नसत, त्यामुळे तिकडे चिनी बायका फार थोड्या. हा कायदा उठला १९४३ मध्ये, आणि उठल्यावर तरी वर्षाला किती चिनी माणसांना परवानगी? फक्त १०५. प्राध्यापकाचं कुटुंब म्हणून बुवेईबाईंना दार उघडं होतं इतकंच. पण आत जाऊन त्या कोण? चीनमध्ये डॉक्टर यांग. चीनमध्ये लग्न झालं तरी बाईचं माहेरचं नाव जात नाही. (आपल्याकडे तर आडनावच काय, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात.) अमेरिकेत त्या झाल्या मिसेस चाओ. इंग्रजी तोडकंमोडकं. नवरा इंग्रजीत विनोद करायचा, मुली शाळेत जाऊन फाडफाड बोलायच्या, आणि बाळंतपणं केलेली, दवाखाना चालवलेली ही बाई बाजारात गेली की मुकी. डॉक्टरकी तिथे त्यांनी केली नाही.

मग करायचं काय? घर चालवायचं. हार्वर्डजवळच्या त्यांच्या घरी चिनी विद्यार्थी, ओळखीचे, अनोळखी, सगळे जेवायला यायचे. घरापासून हजारो मैलांवरची पोरं ती, आणि मागे देशात लढाई चालू. गरम भात आणि ओळखीच्या चवीची भाजी मिळाली की जरा माणसांत यायची. चिनी बाजारातलं सगळं तिथे कुठून मिळणार? बाईंनी अमेरिकन दुकानात जे मिळतं त्यातच चिनी चव बसवली. पालक त्यांचा, कोबी त्यांचा, पद्धत आपली. तिकडची तांदळाची दारू मिळत नाही ना, मग इथली शेरी घाला.

ओळखीच्या बायका म्हणायला लागल्या, हे लिहून काढा. बाईंनी लिहिलं, चिनीत. थोरली मुलगी रुलान ते इंग्रजीत करायची. आणि नवरा म्हणायचा, हे फारच सपक झालंय, आणि मध्ये स्वतःचे विनोद आणि टिपा घालायचा. झालं! मायलेकींची रोज भांडणं. आई म्हणते असं, लेक म्हणते इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बाईंनी ही भांडणं झाकून न ठेवता सांगून टाकली आहेत. ज्यांच्या मुली इंग्रजी शाळेत जातात आणि आईला बोलताना दुरुस्त करतात, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

पुस्तक १९४५ मध्ये आलं. नाव 'हाऊ टू कुक अँड ईट इन चायनीज', म्हणजे चिनी पद्धतीने रांधावं आणि जेवावं कसं. जेवावं कसं हेसुद्धा, हे महत्त्वाचं. कारण अमेरिकन माणूस आपापलं ताट घेऊन बसतो. चिनी घरात भाताचा वाडगा ज्याचा त्याचा, पण भाज्या मधोमध, सगळ्यांच्या. गरम सूप किंवा शेवया खाताना आवाज आला तर तिकडे वाईट, इकडे चालतं. यजमानीण दहा पदार्थ करते आणि वर म्हणते, आज काही विशेष केलेलं नाही. पाहुण्याने नको नको म्हणायचं, यजमानाने वाढतच राहायचं. हे वाचताना मला वाटलं, चीन कसला, हे तर आपल्या पलीकडच्या आळीतलं चाललंय.

लोखंडी कढई तापवून थोड्या तेलात बारीक चिरलेलं भराभर हलवत परतायचं, याला चिनी भाषेत 'चाओ' म्हणतात. इंग्रजीत त्याला शब्दच नव्हता. या पुस्तकात तो घडवला गेला, 'स्टर-फ्राय'. आज आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर हा शब्द रंगवलेला असतो ना, तो या घरातून निघाला. महायुद्धामुळे अमेरिकेत मांस, साखर मोजून मिळत होती. थोडंसं मांस आणि भरपूर भाजी यात सहा जणांचं जेवण कसं भागवायचं हे बाईंनी त्यांना शिकवलं. पर्ल बक नावाच्या मोठ्या लेखिकेने प्रस्तावनेत लिहिलं की या बाईंना शांततेचं नोबेल द्यायला हवं.

आणि नवरा? पुस्तकात एक पाककृती त्यांची आहे, परतलेल्या अंड्यांची. बाईंनी सांगून टाकलं आहे की यांना हा एकच पदार्थ नीट जमतो. भाषेचे पंडित ते! अंडं चांगलं झालंय हे ओळखायची त्यांची खूण अशी की खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. ओठ मिटून लांबलचक 'म्म्म' निघाला तर चांगलं झालं, आणि 'यम यम' असं दोनदा निघालं तर फारच चांगलं. बायकोच्या पुस्तकात घुसून थट्टा करणारा नवरा मला थोडा आवडतो, थोडा नाही आवडत. पुस्तकावर नाव मात्र बाईंचंच आहे, आणि त्यात माहेरचं 'यांग'ही ठेवलं आहे. दोन वर्षांनी त्यांचं आत्मचरित्र आलं. तेही चिनीतच लिहिलेलं, इंग्रजी केलं नवऱ्याने. दुसऱ्याच्या तोंडून बोलावं लागलं, पण बोलायच्या थांबल्या नाहीत.

हे सगळं सुखाचं होतं असं समजू नका. दुसरी मुलगी लग्न करून नवऱ्याबरोबर चीनला परत गेली. पुढे १९४९ मध्ये तिकडे राज्य बदललं, दोन देशांचं येणंजाणं बंद पडलं. आईबाप अमेरिकेत, लेक चीनमध्ये. दोन तपांहून जास्त वर्षं भेट नाही. १९७३ मध्ये म्हातारा-म्हातारीला एकदाचं चीनला जाता आलं, पंतप्रधान चौ एन-लाय त्यांना भेटले, आणि लेकही भेटली. आपण लेक दिवाळीला आली नाही तर दारात येरझारा घालतो. त्या बाईंनी ती वर्षं कशी काढली असतील, मला सांगता येणार नाही.

आमच्या गटातलं सांगते. आता ती रजिस्टरवर तेलुगूत सही करते. पहिल्या वेळी सचिव कुरकुरली, "ताई, हे वाचायचं कसं?" मी म्हटलं, "अंगठा तरी तू कुठे वाचत होतीस?" आता गटाचा जमाखर्च दर महिन्याला ती तपासते, तिच्या भाषेत बेरीज करते, आकडे तर सारखेच. मागच्या महिन्यात तिने आमची दोनशे चाळीस रुपयांची चूक काढली. चूक माझीच होती.

बुवेईबाईंचं शेवटचं एक सांगते आणि थांबते. १९७१ मध्ये त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी बाईंनी नवऱ्यासाठी चार ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ असा, की पन्नास वर्षं आपण कटकट केली, भांडलो, आणि लोक मात्र म्हणतात काय छान जोडा. तुमच्याकडे माझं या जन्माचं देणं बाकी आहे. तेव्हा पुढच्या जन्मी अदलाबदल करू, मी पुरुष, तुम्ही बाई, आणि पुन्हा भेटू. आपण वडाला दोरा गुंडाळताना सात जन्म हाच नवरा मागतो, पण ही अट घालायचं आपल्याला कधी सुचलं नाही! नवऱ्यानेही उलट चार ओळी लिहून दिल्या, चालेल म्हणाले, अदलाबदल करूनच भेटू. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८१ मध्ये बाई गेल्या. युएन रेन पुढच्याच वर्षी गेले.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. तुमच्या गटात लांबून, दुसऱ्या भाषेतून आलेली कुणी असेल तर तिला रेडिओ केंद्रावर घेऊन या. मराठी आलंच पाहिजे असं नाही, ती तिच्या भाषेत बोलेल, शेजारीण सांगेल मराठीत. नमस्कार.