संशय आला की जीविताच्या बाजूने



घरी कर्करोगाचा रुग्ण असलेल्या कुटुंबांसाठी दोन शब्द बोलावेत, अशी कमिटीने मला आज्ञा केली. मी वैद्य नाही की तोराचा पंडित नाही. गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू होते आणि घरची शुश्रूषा माझ्याकडे होती. एवढाच माझा अधिकार. आपल्या लोकांत या रोगाचे नाव घेत नाहीत, ‘तसला आजार’ म्हणतात. मी आज नाव घेऊनच बोलणार आहे, कारण ज्याचे नाव घेत नाही त्याची तयारी करता येत नाही.

केमोथेरपीचे औषध रुग्णालयात काही तासांत शिरेतून दिले जाते. आमचा क्रम तीन आठवड्यांचा होता. म्हणजे एक दिवस डॉक्टरांचा आणि वीस दिवस घरच्यांचे. या वीस दिवसांत काय करावे, याचे उत्तर मला आपल्याच एका जुन्या नियमात सापडले.

योम किप्पूरला, म्हणजे आपले आजी-आजोबा ज्याला दरफळणीचा सण म्हणत त्या दिवशी, आजाऱ्याने उपास करावा की नाही, याची चर्चा तालमुदाच्या योमा या भागात आहे. आजारी म्हणतो मला अन्न हवे आणि वैद्य म्हणतो नको, तर आजाऱ्याचे ऐकावे. वैद्य म्हणतो अन्न द्या आणि आजारी म्हणतो नको, तर वैद्याचे ऐकावे. वरवर पाहता हे उलटसुलट वाटते. पण तत्त्व एकच आहे: दोघांपैकी जो धोका आहे असे म्हणतो, त्याचे ऐकावे. संशयाचा निकाल जीविताच्या बाजूने द्यावा.

दुसऱ्या औषधानंतरचा दहावा दिवस होता, शाब्बाथची रात्र. तिला थोडी कणकण वाटली. तापमापकात ३८.३ आले. ती म्हणाली, “अहो, आज शाब्बाथ आहे, मुलांची झोपमोड कशाला? सकाळी पाहू.” खोकला नव्हता, वेदना नव्हती. पण औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि शरीराला जंतूंशी झुंजण्याचे बळ राहत नाही, हे परिचारिकेने आम्हांला आधीच बजावले होते. ३८ किंवा त्याहून अधिक ताप आला, तर दुसरे लक्षण नसले तरी त्याच तासाला रुग्णालयात जायचे. विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नाही, कारण ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. त्या रात्री वैद्याच्या जागी तो तापमापक होता. आम्ही निघालो. पांढऱ्या पेशी फारच उतरल्या होत्या. शिरेतून प्रतिजैविके चालू झाली आणि पाच दिवसांनी ती घरी आली. जिवाला धोका असताना शाब्बाथ मोडणे ही केवळ सवलत नव्हे, ते कर्तव्य आहे. ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांनी १०१ फिरवावा.

नियमाची दुसरी बाजू पुढे अनुभवास आली. तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, ब्लाउजची बटणे लावता येईनात. बाहेरून काहीच दिसत नव्हते. येथे धोका सांगणारी ती होती, म्हणून तिचे ऐकायचे. मी तारीख घालून वहीत लिहिले आणि पुढच्या खेपेस ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी औषधाची मात्रा कमी केली. ताप, जेवण, झोप, शौच, वेदना यांची रोजची नोंद असलेली साधी वही प्रत्येक घरात असावी. पंधरा मिनिटांच्या भेटीत आठवणीवर विसंबता येत नाही.

किप्पूर आला तेव्हा तिने उपासाचा हट्ट धरला. डॉक्टरांनी नको म्हटले, रब्बींनीही तेच सांगितले. त्या दिवशी तिने तांदळाची पेज घेतली आणि तेहिलीम वाचले. तो दिवस तिने पाळला नाही, असे कोणी म्हणू नये.

आता शुश्रूषा करणाऱ्याविषयी. त्यालाही हाच नियम लागू आहे. “पप्पा, तुम्ही दोन रात्री डोळा मिटलेला नाही,” असे लेक म्हणाली, तेव्हा धोका सांगणारी ती होती. मी तिला रात्र सोपवली आणि झोपलो. नोकरी करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे: एका ठिकाणी वर्षभर काम झाले असेल, तर पतीच्या वा पत्नीच्या कर्करोगासाठी आपल्याच साठलेल्या आजारी रजेतून वर्षाला ६० दिवसांपर्यंत रजा घेण्याचा हक्क या देशाचा कायदा देतो. तो मागण्यात संकोच नको.

शेवटी तुम्हां सर्वांना विनंती. बिक्कूर होलीम ही मोठी मित्स्वा आहे. पण रब्बी अकिवा आजारी शिष्याकडे गेले तेव्हा तेथील जमीन झाडून त्यावर पाणी शिंपडले गेले आणि शिष्य बरा झाला, असे आपले ग्रंथ सांगतात. म्हणून भेटीला जाताना एखादे काम हाती घेऊन जा. आधी फोन करा, सर्दी-पडसे असेल तर जाऊ नका, आणि बसणे थोडक्यात आटपा. एलियाहू हन्नाबीचा मलीदा प्रेमाने नेता, पण पेशी उतरलेल्या दिवसांत बाहेरची चिरलेली फळे रुग्णाला चालत नाहीत. तो घरच्यांना द्या आणि रुग्णासाठी बेराखा म्हणा. “काही लागले तर सांगा” असे म्हणू नका. थकलेला माणूस सांगत नाही. “मंगळवारी दोन तास मी बसतो, तुम्ही झोपा,” असे म्हणा.

माझ्या पत्नीचे उपचार संपले आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आदल्या रात्री आम्ही दोघेही जागे असतो. पुढचे देवाच्या हाती. परंतु रात्री-अपरात्री रुग्णालयात नेणारे, दोन तास बसणारे, पेज करून देणारे आपल्यांतले कोण कोण, याची एक यादी मुकादमांकडे असावी, हे मात्र आपल्या हाती आहे. तिच्यात पहिले नाव माझे लिहावे.

शालोम.