पहिल्या नंबरला कोणता ट्रेड लिहायचा?

आज दहावीनंतरच्या आयटीआयबद्दल बोलायचंय, आणि आमच्या गटाकडून झालेल्या एका चुकीबद्दलही. चूक माझीच जास्त होती, म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या एका सदस्य ताईंची मुलगी दहावी झाली. मार्क बरे होते, गणित-विज्ञानात पास. घरातला मिक्सर बंद पडला की ही आधी प्लग खोलून बघणार, आणि आई ओरडणार. तालुक्याच्या गावात एका क्लासचा बोर्ड लागला होता, सहा महिन्यांत इलेक्ट्रिकल कोर्स, नोकरीची हमी. फी 18,000 रुपये. ताईंनी बैठकीत कर्ज मागितलं. एक-दोघी म्हणाल्या, जरा चौकशी करू. मीच म्हणाले, पोरीच्या शिक्षणाला आहे, अडवू नका. इतिवृत्तात तो ठराव माझ्याच अक्षरात आहे.

सहा महिन्यांनी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. ते घेऊन मुलगी एका कारखान्यात गेली. तिथल्या माणसाने कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "आयटीआय झालीय का?" नाही म्हटल्यावर कागद परत. हप्ता मात्र दर महिन्याला भरायचाच होता.

तेव्हा कुठे मी आयटीआयची पायरी चढले. बी.ए. झालेली बाई मी, पण माझ्या दहावीच्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलीने दहावीनंतर आर्ट्सला जायचं, तेही कॉलेज जवळ असेल तर, एवढंच आम्हाला ठाऊक.

तिथे कळलं ते सांगते. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड, हे एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, पण वायरमन, वेल्डरसारख्या काही ट्रेडला दहावी नापास मुलंही अर्ज करू शकतात. म्हणजे नापास झाली म्हणून लगेच स्थळं बघायला घेऊ नका. वय 14 पूर्ण हवं, आणि वरची मर्यादा नाही. हे ऐकून आमच्या गटातल्या एक पंचेचाळिशीच्या ताई म्हणाल्या, मग मलाच घाला की! हसलो आम्ही, पण नियमाने त्यांचंही बरोबरच आहे. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. शेवटी देशभरात एकच परीक्षा होते आणि तिचं प्रमाणपत्र कारखान्यात चालतं. पुढे ॲप्रेंटिसशिप, त्यात महिन्याला विद्यावेतन. शिकायचंच असेल तर दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

खासगी आयटीआयही असतात, त्यातल्या मान्यतेच्याही असतात. पण पैसे भरायच्या आधी सरकारी आयटीआयत जाऊन विचारायचं, ही संस्था आणि हा ट्रेड प्रवेशाच्या यादीत आहे का. आमच्या गटात आता हे विचारून आल्याशिवाय कोर्ससाठी कर्ज मिळत नाही.

पुढच्या वर्षी फॉर्म भरायला मी त्या मायलेकींबरोबर कॅफेत गेले. फॉर्म ऑनलाइन असतो, आणि कोणता ट्रेड, कोणती संस्था, ते पसंतीच्या क्रमाने लिहायचं असतं. कॅफेवाला मुलगा म्हणाला, "मुलगी आहे ना? शिवणकाम टाकतो पहिलं." ताई म्हणाल्या, टाक. मुलगी गप्प. मीच म्हटलं, थांब रे बाबा.

का थांबवलं ते नीट ऐका. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरची पसंती मिळाली, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. कॅफेवाल्याने सहज टाकलेलं एक नाव पोरीच्या गळ्यात पडलं असतं. शिवणकाम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही, शिलाई मशीनने आमच्या गटातले कितीतरी संसार सावरलेत. पण हिला ते नको होतं.

ताईंचं म्हणणंही खोटं नव्हतं. चाळीस पोरांत माझी एकटी, संध्याकाळची एसटी चुकली तर काय, आणि बाथरूमचं काय? मग आम्ही दोघी जाऊन वर्कशॉप बघून आलो. मुलींचं बाथरूम बघितलं, कडी लागते का तेही बघितलं. वेल्डिंगच्या शेडमध्ये दोन मुली तोंडाला ढाल धरून काम करत होत्या. ताई बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. परतताना एसटीत म्हणाल्या, "लिहा इलेक्ट्रिशियन."

खरं तर ही ओळख आठवीपासूनच व्हायला हवी. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आखला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, त्यात वेल्डिंग, वायरिंग, माती तपासणं, कोंबड्या पाळणं, रक्तातलं हिमोग्लोबिन बघणं. मुलगे-मुली दोघांनी सगळंच करायचं. हा विषय पुढे इतरही शाळांत गेला. आता काही शाळांत नववी-दहावीला व्यवसाय विषय असतो. पालक सभेला जाल तेव्हा आपल्या शाळेत आहे का, एवढं विचारा.

फॉर्मचं अजून एक. मोबाइल नंबर असा द्या, जो रिचार्जअभावी बंद पडत नाही, कारण निरोप त्यावरच येतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला निकालाआधीच बघून ठेवा. फॉर्म भरून काम संपत नाही, आयटीआयत जाऊन अर्ज निश्चितही करावा लागतो. आमच्या गावातल्या एका मुलाचं एवढ्यावरच राहिलं.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा गटाच्या पिठाच्या गिरणीचा स्टार्टर तिनेच खोलला, आई बाजूला बॅटरी धरून उभी. जुन्या कर्जाचे चार हप्ते राहिलेत. निकालाच्या आधीच्या रविवारी आम्ही दहावीच्या मुलींना घेऊन आयटीआय बघायला जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडे नाव द्या, आणि डबा घरून आणा, तिथे कँटीन नाही.