हबसाणातील चार वर्षे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी 'परदेशातील अध्यापन' हा विषय सुचविला, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आज आपल्यातील कितीतरी घरांची मुलेमुली अमेरिकेत आणि जर्मनीत आहेत. परदेशाची अपूर्वाई आता कोणास राहिलेली नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्ही शिकायला गेला नव्हता, शिकवायला गेला होता, त्याविषयी सांगा." शिकवायला गेलो होतो हे खरे. शिकविले किती, हा प्रश्न निराळा. आणि आज बोलावयाचे ते त्याविषयीच.

१९६७ च्या सप्टेंबरअखेर आम्ही इथिओपियास गेलो आणि १९७१ साली परतलो. सम्राट हैले सेलासी यांची तेव्हा राजवट होती. शाळा झपाट्याने निघत होत्या आणि शिक्षक पुरत नव्हते. त्यामुळे हिंदुस्थानातून शेकडो शिक्षक तिकडे जात, त्यांत केरळीयांचा भरणा मोठा. १९६२ पासून अमेरिकेचे 'पीस कोअर'चे तरुणही येऊ लागले होते. महाराष्ट्रीय मात्र आम्हांस क्वचितच भेटला. वास्तविक हबसाणाशी आपला संबंध जुना आहे. निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर हा हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराचा, खडकीचा, पाया त्याने घातला. जंजिऱ्याचे सिद्दी तर कोकणातल्या आपल्या माणसांस सांगावयास नकोत. पण मुंबईच्या विमानतळावर निरोप द्यावयास आलेल्या मंडळींना तो देश नकाशावर दाखविता आला नसता, आणि खरे सांगावयाचे तर महिन्यापूर्वी आम्हांसही आला नसता.

मुंबईहून आम्ही १९६७ साली निघालो आणि १९६० साली पोचलो. ही थट्टा नव्हे. तेथील पंचांग आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षे मागे चालते, आणि वर्षास महिने तेरा. बारा महिने तीस दिवसांचे व तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. आपल्या अधिकमासाची सवय असलेल्या माणसास त्यात नवल वाटू नये. आम्हांस गोत्यात आणले ते घड्याळाने. तेथे दिवस मोजतात तो उजाडल्यापासून. आपण ज्यास सकाळचे सात म्हणतो, तो त्यांचा एक. आपल्या पूर्वजांच्या घटका सूर्योदयापासूनच मोजल्या जात, पण हे ऐनवेळी आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात आदिस अबाबास जाणारी बस बारा वाजता सुटते असे समजले. आम्ही डबा बांधून भर दुपारी बारास हजर झालो. बस पहाटे सहालाच गेली होती. बसथांब्यावरच्या पोरांनी "हिंद! हिंद!" म्हणून जो गलका केला, तो अजून कानांत आहे.

आमचे गाव आदिस अबाबाच्या उत्तरेस गोज्जामकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सलालेच्या पठारावर, अडीच हजार मीटरांहून उंचावर होते. विषुववृत्ताजवळ गेलो म्हणून मलमलीचे कपडे नेले होते. रात्री दोन-दोन घोंगड्या लागत. खाण्याच्या बाबतीत मात्र आम्ही शाकाहारी असूनही आमचे हाल झाले नाहीत. तेथील ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी उपवास करतात. मांसमच्छीच नव्हे, दूध-अंडेही त्या दिवशी चालत नाही. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास तर पंचावन्न दिवसांचा. त्यामुळे उपवासाचे म्हणून जे मागावे ते आमच्या पंक्तीचे निघे. 'तेफ' नावाचे खसखशीएवढे धान्य, त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून भल्या थोरल्या तव्यावर आंबोळी घालतात, ती 'इंजेरा'. त्यावर 'शिरो' वाढतात. हा शिरो म्हणजे आपले पिठलेच, फक्त लाल तिखट सढळ हाताने घातलेले.

शाळा तेथील घड्याळाने अडीचला, म्हणजे आपल्या साडेआठला भरे. झेंडावंदन होई, मग वर्ग. सातवीच्या एका वर्गात साठ मुले. आम्हांपैकी एकाकडे गणित व दुसऱ्याकडे इंग्रजी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सहावीपर्यंत ही मुले अम्हारी भाषेतून शिकत आणि सातवीत एकदम सर्व विषय इंग्रजीतून सुरू होत. आठवीच्या अखेरीस सरकारी परीक्षा. तीत नापास झाला की बहुतेकांच्या शिक्षणावर पडदा. बरे, अम्हारी तरी त्यांची घरची भाषा होती काय? आजूबाजूच्या खेड्यांतील मुले ओरोमो होती. आईशी ओरोमो, मास्तरांशी अम्हारी आणि आता आमच्याशी इंग्रजी. ओरोमो भाषेस शाळेत त्या काळी स्थानच नव्हते. अम्हारी लिपी आम्ही शिकू लागलो, तेव्हा प्रत्येक व्यंजनाची सात रूपे, हा मांड पाहून बाराखडीची आठवण झाली आणि आम्ही फार खूष झालो. त्या खुशीत ही तिसरी भाषा आमच्या लक्षातही आली नाही.

आमची स्वतःची इंग्रजी मराठी शाळेतून आलेली. आमच्या हायस्कुलातील एक इंग्रजीचे शिक्षक वर्गात मराठी शब्द उच्चारणाऱ्याकडून एक पैसा दंड घेत. त्या दंडाने आमची इंग्रजी सुधारली, असा आमचा पक्का समज होता. तेव्हा आम्हीही वर्गाच्या मेजावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. इंग्रजीखेरीज दुसरा शब्द निघाला की पाच सेंट. दंडाची नोंद वहीत. शाळेच्या प्रमुखांना ही युक्ती पसंत पडली. महिनाभरात वर्ग अगदी शांत झाला, आणि ती शांतता आम्ही प्रगती समजलो.

शनिवार-रविवार सुटी. पहिल्या वर्षी आम्ही दर महिन्यास आदिस अबाबास जात असू. निमित्त डाळीचे. तेथे गुजराती व्यापाऱ्यांची जुनी दुकाने होती आणि तुरीची डाळ मिळे. एन्टोटोचा डोंगर उतरताना निलगिरीच्या धुराचा वास येऊ लागला की शहर आले. मेनेलिक बादशहाच्या काळी सरपणासाठी लावलेली ही ऑस्ट्रेलियाची झाडे शहराचाच एक भाग होऊन बसली आहेत. पुढे डाळीची ओढ कमी झाली, शिरो अंगवळणी पडला, आणि आम्ही उलट दिशेस हिंडू लागलो.

आमच्या गावापासून जवळच देब्रे लिबानोस हा मठ आहे. तेराव्या शतकात तेक्ले हायमानोत नावाच्या संताने तो स्थापिला. हा संत एका पायावर उभा राहून इतकी वर्षे प्रार्थना करीत राहिला की दुसरा पाय गळून पडला, अशी कथा आहे; चित्रांतही त्यास तसेच दाखवितात. एका पायावर तप करणाऱ्या ऋषींच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसास हे चित्र परके वाटत नाही. परंतु तेथून परतताना आम्ही गप्प होतो, त्याचे कारण वेगळे. १९३७ च्या फेब्रुवारीत आदिस अबाबात इटालियन सेनापती ग्रात्सियानी याच्यावर हातबॉम्ब फेकले गेले. मठाचा त्यात हात असल्याच्या संशयावरून मे महिन्यात येथील शेकडो भिक्षूंना नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या गोष्टीस तीस वर्षेच झाली होती. बाहेर दरीच्या कडेवर गेलादा जातीची वानरे, छातीवर तांबडा डाग असलेली, गुरांसारखी बसून गवत खात होती.

त्या पठाराचा हाच विशेष. सपाट शेतातून चालावे आणि एकाएकी पायाखालची जमीन संपावी. आणखी उत्तरेस गेले की अबाय, म्हणजे निळी नाईल, हजार मीटरांहून खोल घळीतून वाहते. सह्याद्रीचे कडे पाहिलेले आमचे डोळेही तेथे फिरले.

अशाच एका दरीच्या कडेवर आमच्या वर्गातील एका मुलाचे घर होते. बहुतेक खेड्यांतील मुले आठवडाभर गावात तिघे-चौघे मिळून खोली घेऊन राहत आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी जाऊन पुढच्या आठवड्याची शिदोरी आणीत. हा मुलगा वर्गात सर्वांत मागे बसे. पहिले काही आठवडे त्याच्या नावावर दंड सर्वांत अधिक होता; पुढे तो बोलेनासाच झाला. गणिताच्या उत्तरपत्रिकेतील शाब्दिक उदाहरणे कोरी. आम्ही त्यास मंद समजत होतो. दरी पाहावयाची म्हणून एका शनिवारी आम्ही त्याच्याबरोबर निघालो. वाटाड्या म्हणून, एवढेच.

वाटेत दोन तासांत तो जितका बोलला, तितका साऱ्या वर्षात बोलला नव्हता. कोणत्या शेतात किती बैलजोड्या लागतात, तेफ किती पिकतो, बाजारात गाढवाच्या ओझ्यास किती मिळतात, जकातीत किती जातात, हा सारा हिशेब तो मोडक्या इंग्रजीत आणि अम्हारीत तोंडीच करीत होता आणि एकदाही चुकला नाही. त्याच उदाहरणांना त्याने आमच्याकडून भोपळा घेतला होता.

घरी त्याची आजी होती. तिने बुना मांडला. हिरवे दाणे आमच्यासमोर भाजले, कुटले, मातीच्या सुरईत उकळले. 'बुना' शब्द ऐकताच आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा 'बुंददाणा' आठवला. कॉफीत साखरेऐवजी मीठ होते, बरोबर भाजलेले सातू. आजीने आम्हांस ओरोमो अंक शिकविले: तोक्को, लमा, सदी, अफुर, शान. आम्ही चुकलो की ती पोट धरून हसे. मग तिने नातवास काही विचारले. तो गप्प. तिने पुन्हा विचारले. तो आमच्याकडे न पाहता म्हणाला, "सर, ती विचारते, शाळेत हे पाच सेंट कशाचे घेतात? मागच्या मास्तरांना लागत नव्हते."

त्या पैशांसाठी ती अंडी विकत असे.

आम्हांस उत्तर सुचले नाही. कोणत्याच भाषेत सुचले नाही. तेवढ्यात त्यानेच आजीस काही सांगितले आणि तिने समाधानाने मान डोलावली. परतीच्या वाटेवर आम्ही विचारले, काय सांगितलेस? "खडूचे पैसे म्हणून सांगितले, सर."

सोमवारी आम्ही डबा उघडला आणि वही पाहून ज्याचे त्यास पैसे परत केले. या मुलाने घेतले नाहीत. म्हणाला, "यांचा खडू आणा. नाहीतर आजीशी मी खोटे बोललो असे होईल." आम्ही खडू आणला. त्यानंतर अवघड शब्द आधी मुलांनी आपापसांत, वाटेल त्या भाषेत, समजावून घ्यावयाचा आणि मग इंग्रजीत सांगावयाचा, असा परिपाठ ठेवला. वर्गात गलका वाढला. प्रमुखांची नाराजी झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती; त्या वर्षी इंग्रजीत आमच्या वर्गाहून शेजारच्या वर्गाचा निकाल चांगला लागला. गणितात आमचा वर्ग पुढे होता. आमच्यात त्यावरून घरी वादही झाले, कारण एकाचा विषय गणित आणि दुसऱ्याचा इंग्रजी. आमची पद्धत बरोबर होती की नव्हती, हे आम्ही अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो मुलगा आठवीच्या परीक्षेत पहिल्या वेळी इंग्रजीमुळे बसला, आणि त्यात आमचे आधीचे महिने किती आणि नंतरचे किती, याचा हिशेब आम्हांस मांडता येत नाही. दुसऱ्या वेळी तो उत्तीर्ण झाला. आम्ही परतल्यावर त्याची तीन पत्रे आली. १९७४ साली सम्राट पदच्युत झाले, लष्करी राजवट आली, आणि त्यानंतर पत्र आले नाही. पुढच्या वर्षांत तेथील शिकलेल्या तरुणांचे काय झाले, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचत होतो.

१९९१ साली ती राजवटही गेली. त्यानंतर ओरोमो मुलांस प्राथमिक शिक्षण ओरोमोतूनच मिळू लागले. ते लोक आता ती भाषा रोमन लिपीत लिहितात. ही माहिती आम्हांस प्रथम पुण्यात मिळाली. पुणे विद्यापीठात इथिओपियाचे बरेच विद्यार्थी शिकावयास येतात, हे आपणांपैकी पुणेकरांस ठाऊक असेल. त्यांतील एक सलालेचा निघाला. त्यास आम्ही घरी जेवावयास बोलाविले. पिठले केले होते. त्यास आम्ही त्या मुलाचे नाव, गाव, दरी, सारे सांगितले. त्यास काही माहीत नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. जेवताना त्याने विचारले, "तुम्हांस आमची भाषा किती येते?"

आम्ही म्हटले, पाचापर्यंत. आणि म्हणून दाखविले. चार बरोबर आले. 'शान'चा उच्चार त्याने सुधारून दिला.