घंटेची हांक



आपल्या वसईच्या घंटांना इतिहास आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर येथील कांहीं घंटा दूर गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या व पुढें भीमाशंकराच्या देवळीं त्या अद्यापि आहेत. मला मात्र आज आठवते ती माझ्या गांवच्या देवळाची लहानशी घंटा.

मी दहा वर्षांचा असतांना घंटा वाजविणारे वृद्ध गृहस्थ तापानें आजारी पडले व सायंकाळच्या प्रार्थनेची घंटा त्यांनीं मजवर सोंपविली. दोन दिवस ती वेळेवर वाजली. तिसऱ्या दिवशीं विटीदांडूच्या नादांत मला तिचा विसर पडला. अंधार पडल्यावर धांवत जाऊन मीं दोर ओढला. घरीं आलों तों वडील वाडींतून नुकतेच परतलेले, ताटें पालथीं, आणि आजी ओट्यावर गुडघे टेकून प्रार्थना करीत होती. कोणी रागावलें नाहीं. आजी एवढेंच म्हणाली, "बाळ, आम्ही थांबलों होतों."

पुढें मी धर्मगुरु झालों. एका पावसाळी रात्रीं आजाऱ्याचें बोलावणें आलें. मीं तें सकाळवर टाकिलें. सकाळीं गेलों तेव्हां दारांतच त्याची पत्नी म्हणाली, "फादर, ते वाट पाहात होते."

त्यानंतर कोणतेंही बोलावणें मीं सकाळवर टाकिलें नाहीं.

आज वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या. घंटेचा नाद पूर्वीइतका दूर पोंचत नाहीं. तरी मुलांनो, दोर ज्याच्या हातीं येईल त्यानें स्मरावें कीं कोणी तरी थांबलेलें आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.